गोळी लिव्हरला बाधेल का, हे म्हणे मशीन सांगणार!

गोदाकाठचा: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "एआय रेणूची रचना बघून सांगतं औषध लिव्हरला बाधेल की नाही, प्राण्यांवरच्या चाचण्या बंद करा." वाचून डोकं उठलं. हे मॉडेल शिकतं कशावर? औषध लिव्हरला किती बाधतं याची वर्गवारी करणारी अमेरिकेच्या औषध खात्याची, एफडीएची, 2016 ची डिलीरँक यादी घ्या: 1036 औषधं, त्यातली 254 "नक्की सांगता येत नाही" या खान्यात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

सिडकोचा_कोडर: तो कुणीतरी मीच. फियालुरिडीन हे औषध आठवा. 1993 ची हिपॅटायटिस बीची चाचणी, 15 पेशंट, 5 गेले, दोघांची लिव्हर बदलावी लागली. आधी प्राण्यांत धोका दिसलाच नव्हता. एवढं होऊन तुमची श्रद्धा उंदरांवरच! आणि आता नुसती रचना कोण देतं? माणसाच्या पेशींवरचा डेटा, मायटोकॉन्ड्रियाच्या म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांच्या चाचण्या, सगळं घालतात.

अंबडची_क्यूसी: घालतात, आणि तरी सगळ्यात जास्त कामाला येतो रोजचा डोस. ट्रोग्लिटाझोन आणि रोझिग्लिटाझोन ही डायबेटिसची औषधं एकाच घराण्यातली. पहिलं लिव्हरपायी 2000 मध्ये अमेरिकेतून गेलं, दुसऱ्याचा लिव्हरला तसा त्रास नाही. पहिलं शेकड्यांत मिलिग्रॅम, दुसरं 4 ते 8. मॉडेलच्या डेटातून डोसचा कॉलम काढा आणि मग दाखवा तुमची अचूकता.

सिडकोचा_कोडर: डोस माहीत असताना तो कॉलम का काढायचा? परीक्षेला चष्मा काढून बसा म्हणण्यासारखं आहे हे.

पंचवटीचे_नाना: रेणू राहू दे. माझ्या मेहुण्याला टीबीच्या गोळ्या चालू होत्या. आयसोनियाझिड, पायराझिनामाइड, सगळा लवाजमा. डोळे पिवळे झाले तर घरच्यांनी आधी माळ घालायला नेलं. माळ डोक्यावरून सरकत पोटाशी आली की कावीळ उतरली म्हणे! गोळ्या चालूच. वर सकाळ-संध्याकाळ गुळवेलीचा काढा. केसपेपरवर काय लिहिलं? "टीबीच्या औषधांमुळे." काढा कुणी विचारलाही नाही, सांगितलाही नाही.

वैद्य_कॉलेजरोड: आली गुळवेल! कोविडनंतर ही फॅशनच झाली. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हर बिघडलेले सहा पेशंट छापले तेव्हाच आयुष मंत्रालयाने सांगितलं होतं, वेल नीट ओळखली का ते बघा, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असते.

अंबडची_क्यूसी: मंत्रालय काय बोललं ते सोडा, लिव्हर काय बोलली ते बघा. काढा बंद केल्यावर रक्तातली वाढलेली लिव्हरची एन्झाइम उतरतात, ते काय योगायोगाने?

वैद्य_कॉलेजरोड: तुमच्या पॅरासिटामॉलने किती लिव्हर गेल्या ते मोजा आधी! आमच्या अंगणातल्या वेलीवर घसरायला सगळे तयार.

गोदाकाठचा: पॅरासिटामॉल जास्त घेतलं की हमखास बाधतं, ते मॉडेललाही कळेल. हजारोंत एखाद्यालाच बाधणारी गोळी पकडून दाखवा. त्याची जनुकं, त्याचा काढा, काही नोंदलेलंच नसतं.

सिडकोचा_कोडर: बरं बाबा, शेकडो रेणूंतून पहिली चाळणी लावायला तरी चालेल ना? की त्यालाही माळच घालायची?

गोदाकाठचा: चाळणी लावा. "बंद करा" हे पोस्टमधून काढा.

वैद्य_कॉलेजरोड: नाना, काढा कुठून आणला होता?

पंचवटीचे_नाना: शेजारणीने कुंपणावरची वेल तोडून दिली.

वैद्य_कॉलेजरोड: मग ती गुळवेलच कशावरून?

पंचवटीचे_नाना: आणि नव्हती कशावरून? या, कुंपण अजून तिथंच आहे.