मदत हवी आहे : कॉर्पस वर्गात वापरायचाय, सोमवारी पाठ निरीक्षण

खडूवाली : प्रशिक्षणात कॉर्पसच्या (खऱ्या लिखाणा-बोलण्यातल्या वाक्यांचा संगणकावरचा साठा) स्लाइडा दाखवल्या, झालं. आता मुख्याध्यापक म्हणतात करून दाखवा. काल वर्गात थोडे शोध घेतले आणि साइट म्हणाली आजची मर्यादा संपली. पोरं फिदीफिदी हसायला लागली. त्यात जे दाखवायचं होतं त्याच्या उलटंच निघालं. सोपी साइट सुचवा, लवकर. "आधी कॉर्पस म्हणजे काय ते समजून घ्या" हे प्लीज नको.

पाटीपेन्सिल : भाषा कोणती? इयत्ता? उलटं म्हणजे नेमकं काय निघालं?

खडूवाली : इंग्रजीच की. नववी, सेमी. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' येत नाही हे दाखवायचं होतं. भरपूर वाक्यं आली!

पाटीपेन्सिल : ती वाचलीत का? 'देअर इज मच टू डिस्कस अबाउट द प्लॅन' यातला 'अबाउट' 'मच'शी बांधलेला आहे. शिवाय नुसता आकडा बघू नका, 'डिस्कस द', 'डिस्कस हाउ' किती येतात ते शेजारी ठेवा.

रंकाळाकाठ : मी सांगतो, आपला कोल्हापूर कॉर्पस घ्या. शिवाजी विद्यापीठात तयार झालेला, 1978 मधलं छापील भारतीय इंग्रजी, 500 उतारे, 10 लाख शब्द. आपल्या पोरांना लंडनचं इंग्रजी कशाला?

पाटीपेन्सिल : 10 लाखांत एखादी जोडी चारदा सापडणार, त्यावर नियम सांगायचा? ब्रिटिश नॅशनल कॉर्पस 10 कोटींचा आहे, त्यात बोललेलं इंग्रजीही आहे.

रंकाळाकाठ : तोही जुनाच, 90च्या दशकात तयार झालेला. व्हॉट्सअ‍ॅप दोघांनाही माहीत नाही.

निवृत्त_गुरुजी : आम्ही रोज पाच वाक्यं पाठ करून घ्यायचो. 'डिस्कस अबाउट' लिहिलं की उभं करायचो. नेट लागत नसे.

पेनड्राइव्ह : अँटकॉन्क नावाचं सॉफ्टवेअर! फुकट, नेट नको. पाठ्यपुस्तकातले धडे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टाका, शब्द शोधा. तो मधोमध येतो, दोन्ही बाजूंना संदर्भ. उजवीकडच्या शब्दानुसार ओळी लावल्या की सवयी आपोआप दिसतात.

खडूवाली : शाळेच्या लॅपटॉपवर काही बसवता येत नाही. पासवर्ड क्लार्ककडे, ते रजेवर.

पेनड्राइव्ह : बसवायचं नाहीच, पोर्टेबल घ्या. माझं नाव उगाच नाही.

पाटीपेन्सिल : एका धड्यात 'डिस्कस' किती वेळा येणार हो? खडूवाली, 'स्केल' (SkELL) ही साइट उघडा. नोंदणी नाही, मोबाइलवर चालतं, एका शब्दाची 40 पर्यंत वाक्यं देतं. घरीच 15-20 निवडून झेरॉक्स काढा. बर्मिंगहॅमचे टिम जॉन्स, ज्यांनी ओळींवरून पोरांनाच नियम शोधायला लावायची ही पद्धत रुजवली, तेही छापील कागदच वाटायचे. नववीच्या पोरांपुढे कच्च्या ओळींचा ढीग टाकला की ती फक्त गोंधळतात.

शब्दवेडी : मी मराठी शिकवते. ऱ्हस्व-दीर्घ तपासायला असं काही चालेल का?

रंकाळाकाठ : जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठाच्या कॉर्पस-संग्रहात मराठी आहे. पण जाळ्यावरचा मजकूर आहे तो. लोकांनी चुकीचं लिहिलंय तितकं चुकीचंच दिसणार. ऱ्हस्व-दीर्घाला शब्दकोशच बरा.

निवृत्त_गुरुजी : तेच म्हणतोय मी!

खडूवाली : बरं, स्केलवरून ओळी काढल्या. तीन वगळल्या, फार अवघड होत्या. पाठ टाचणात 'शैक्षणिक साधने'मध्ये काय लिहू?

पाटीपेन्सिल : 'छापील कॉन्कॉर्डन्स ओळी', म्हणजे शोधलेला शब्द आणि त्याच्या आजूबाजूचा संदर्भ दाखवणाऱ्या ओळी. खाली साइटचं नाव आणि तारीख टाका. वगळलेल्या तीन ओळी जवळ ठेवा. हुशार पोरगं अपवाद विचारतंच, आणि तो बहुतेक त्यातच असतो.