एलएमआय (रेषीय मॅट्रिक्स असमता) सुटतोय, पण कंट्रोलरचा गेन अवाढव्य येतोय. काय चुकतंय?

सर्व्हो_पोस्टडॉक:
इलेक्ट्रोहायड्रॉलिक सर्व्होसाठी स्टेट-फीडबॅक एच-इन्फिनिटी कंट्रोलर (अडथळ्यांचा सर्वांत वाईट परिणाम कमी ठेवणारा) काढतोय. स्टेट चार: पिस्टनची जागा (मीटर), वेग, दोन्ही चेंबरचे दाब (पास्कल). यालमिप (मॅटलॅबमधला मॉडेलिंग टूलबॉक्स) आणि मोसेक (सॉल्व्हर) वापरतोय. गॅमा (त्या परिणामाची वरची मर्यादा) मिनिमाइझ केला की कोड ४, म्हणजे ‘न्यूमरिकल प्रॉब्लेम्स’. उत्तर येतं, पण बंद लूपचा एक पोल (लूप किती वेगाने स्थिरावतो ते सांगणारा आकडा) उणे १० लाखांच्याही पलीकडे. रिगचं सॅम्पलिंग १ किलोहर्ट्झ आहे. शिवाय या आकड्यांच्या भरवशावर पेपरात ‘लूप स्थिर आहे’ असं कसं लिहायचं?

कंडिशन_नंबर:
आधी एककं बदला. २०० बार म्हणजे २ कोटी पास्कल, आणि ५ सेंटिमीटर स्ट्रोक म्हणजे ०.०५ मीटर. लायापुनोव्ह मॅट्रिक्समध्ये (स्थिरता सिद्ध करणारा, एलएमआयमधला चल एक्स) हे आकडे वर्ग होऊन येतात: एकीकडे १० च्या १४व्या घाताची चौपट, दुसरीकडे ०.००२५. गुणोत्तर १० चा १७वा घात ओलांडतं. डबल प्रिसिजनमध्ये सार्थ अंक जेमतेम १६. बिचाऱ्या सॉल्व्हरने करावं काय?

दाब १० मेगापास्कलच्या पटीत घ्या, जागा सेंटिमीटरमध्ये, वेगाला त्याच्या कमाल मूल्याने भागा. स्केलिंगचा कर्ण मॅट्रिक्स टी असेल (जुनी स्टेट = टी × नवी स्टेट) तर शेवटी गेनला उजवीकडून टी-इन्व्हर्सने गुणायचं. सिम्युलेशन नव्या एककांत आणि रिग जुन्या, हा घोळ हमखास होतो.

गॅमा_सैल:
एककं सुधारूनही गेन मोठा राहू शकतो. गॅमाचा इन्फिमम (खालची टोकाची मर्यादा) पुष्कळदा गाठताच येत नाही; त्याच्या जवळ जाताना एक्स सिंग्युलर होत जातो (त्याचा इन्व्हर्स अमर्याद वाढतो) आणि गेन के = वाय × एक्स-इन्व्हर्स फुगतो (वाय हा एलएमआयमधला दुसरा चल). म्हणून किमान गॅमा काढा, त्याच्या १.१ पटीवर तो गोठवा आणि पुन्हा सोडवा. यावेळी अल्फा हा नवा धन चल घ्या: एक्स ≥ अल्फा × आय (आय म्हणजे एकक मॅट्रिक्स), आणि वायचा नॉर्म ≤ कप्पा × अल्फा. कप्पा तुम्ही ठरवलेला असला की दोन्ही अटी एलएमआयच राहतात, आणि केचा नॉर्म कप्पापुढे जाऊच शकत नाही. इनफीजिबल (उत्तरच नाही असं) आलं तर १.२ पट करून बघा.

पोलसाठी चिलाली आणि गाहिनेट (१९९६) यांची वर्तुळाची अट (सगळे पोल ठरावीक त्रिज्येच्या वर्तुळात) घाला. नुसता उभा पट्टा घेतला तर काल्पनिक भाग मोकळाच राहतो. त्रिज्या ५०० रेडियन प्रति सेकंद धरली तर एका आवर्तनात साधारण १२ सॅम्पल मिळतात. मात्र तेलाच्या लवचिकपणामुळे येणारा रेझोनन्स ५०० च्या वर असेल तर ही त्रिज्या लादू नका, सॅम्पलिंग वाढवा. नाहीतर कंट्रोलरची सगळी ताकद तो मोड मंद करण्यातच जाईल.

नेमकं_गणित:
पेपराबद्दल: यालमिपच्या ‘चेक’ कमांडमध्ये रेसिड्युअल (अट किती अंतराने पाळली ते) उणे १० चा उणे ९वा घात आला तरी अट मोडलेलीच आहे. सॉल्व्हरचा एक्स बाजूला ठेवा. के कोडमध्ये जसा जाणार तसाच, चार अंकांपर्यंत राउंड करा. प्लांट झीरो-ऑर्डर होल्डने (इनपुट एका सॅम्पलभर स्थिर धरून) डिस्क्रीट करा, गणनेचा एका सॅम्पलचा उशीर स्टेट म्हणून जोडा, आणि या बंद लूपसाठी क्यू = आय घेऊन डिस्क्रीट लायापुनोव्ह समीकरण सोडवा. मिळालेला पी परिमेय संख्यांत राउंड करून पी आणि पी − ए-ट्रान्सपोज × पी × ए (ए हा बंद लूपचा, तोही परिमेय) दोन्ही धन निश्चित आहेत का, ते एलडीएल विघटनाने (एल × डी × एल-ट्रान्सपोज, डी कर्ण मॅट्रिक्स) अचूक अंकगणितात तपासा. डीचे सगळे कर्ण घटक धन आले की त्या आकड्यांपुरतं प्रमेय सिद्ध झालं.

गॅमाचा दावा याच डिस्क्रीट लूपवर नव्याने मोजून लिहा. सतत-काळातला गॅमा सॅम्पलिंगनंतर तसाच टिकत नाही.