रुळांच्या सोबतीनं धावणं : तुमची वाट कुठली?

रस्त्यावर गाड्या चुकवत धावणाऱ्याला रुळांकडेची वाट एकदा सापडली की सोडवत नाही. आगगाडीला चढ बेताचा नि वळण ऐसपैस लागतं, तेच पायांनाही मानवतं. तुमची अशी वाट असेल तर लिहा. फक्त रुळांवरून किंवा रेल्वेच्या हद्दीतून धावल्याचे अनुभव नकोत. तो गुन्हाही आहे आणि जिवाशी खेळही. हद्दीबाहेरचा शेतरस्ता, बंद मार्गावर केलेली वाट, सगळं चालेल. सुरुवात मीच करते.

बार्शीहून :
कुर्डुवाडीकडे जाणाऱ्या रुळांना धरून काही अंतर मातीचा शेतरस्ता आहे. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची नॅरो गेज गाडी सुरू झाली ती याच दोन गावांमध्ये. आता ब्रॉडगेज आहे. मला सगळ्यात आवडतात ते पौषातले दिवस. दोन्ही बाजूंना ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, पानांवर दव, आणि आपल्या श्वासाशिवाय दुसरा आवाज नाही. मग लांबून ठक, ठक ऐकू येतं. कीमनदादा, म्हणजे रुळांची देखभाल करणारे रेल्वेचे कामगार, हातोडा घेऊन रुळांच्या चाव्या, म्हणजे रूळ घट्ट धरून ठेवणाऱ्या खिट्ट्या, तपासत येत असतात. एखादी सैल वाटली की वाकून बघतात, ठोकून बसवतात, पुढं निघतात. "काय ताई, आज उशीर?" एवढंच विचारतात. मालगाडी यायची असली की आधी फाटकाची घंटा होते, मग भोंगा, आणि डबे शेजारून जायला लागले की जमिनीची थरथर बुटांतून तळपायाला कळते. तेवढा वेळ मी मुद्दाम जोरात पळते. गाडी गेल्यावर जी शांतता होते, ती आधीच्या शांततेहून दाट असते. घड्याळाकडं मग बघावंसंच वाटत नाही.

बाथ, इंग्लंडहून :
आमचा ब्रिस्टल–बाथ रेल्वे पाथ १३ मैलांचा, म्हणजे जवळजवळ अर्धी मॅरेथॉन! या मार्गावरची प्रवासी गाडी १९६६ मध्ये बंद झाली आणि १९७९ ते १९८६ या काळात तिथं पायी आणि सायकलनं जाणाऱ्यांसाठी वाट झाली. स्टेपल हिलला जुना बोगदा आहे, भर उन्हाळ्यातही आत गारवा. पण खरी मजा बिटनला. तिथं हौशी मंडळींनी थोडा मार्ग पुन्हा घातलाय आणि ठरावीक दिवशी वाफेचं इंजिन आपल्या शेजारून धावतं. गेल्या उन्हाळ्यात आई आली होती. ती मूळची मनमाडची. मी पळत पुढं, ती मागून चालत. कोळशाच्या धुराचा वास आला तशी ती जागच्या जागी थांबली आणि इंजिन पार दिसेनासं होईपर्यंत हलली नाही. मीही परत फिरून तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

सिंगापूरहून :
इथून मलेशियाला जाणारी गाडी तांजोंग पगार स्थानकातून शेवटची सुटली ३० जून २०११ ला. तो सुमारे २४ किमीचा पट्टा आता रेल कॉरिडॉर आहे. रूळ बहुतेक उचलले, तरी बुकित तिमाचा लोखंडी पूल जागेवर आहे. इथं दमटपणा फार, म्हणून मी उजाडायच्या आत निघते. एवढ्या गजबजलेल्या शहरात दोन्ही बाजूंना फक्त झाडं आणि पाखरं, यासारखं सुख नाही.

परतवाड्याहून :
आपली शकुंतला! अचलपूर–मूर्तिजापूरची नॅरो गेज. १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालायची. आता गाडी बंद आहे, रुळांत गवत नि बाभळी. शेजारच्या बैलगाडीच्या वाटेनं मी धावतो. कपाशी फुटली की दोन्हीकडं पांढरं शेत, आणि इतकी सामसूम की तितर उडाला तरी दचकायला होतं. ही वाट माझी फार लाडकी आहे. तरी गाडी ब्रॉडगेज होऊन पुन्हा सुरू व्हावी असंच वाटतं. गावोगावच्या लोकांना स्वस्तात जायची तीच सोय होती. शांतता गेली तर जाऊ द्या, धावायला मी दुसरा पांदण रस्ता बघीन.