बीफऐवजी बायसन: खरंच फायद्याचं की नुसतंच महाग?

प्रेअरीवाली: आम्ही कोलोरॅडोत राहतो, घरात बीफ शिजतं. वर्षापूर्वी नवऱ्याचं कोलेस्टेरॉल वाढलं तेव्हापासून खिम्यासाठी बायसन (अमेरिकेतला रानगव्यासारखा प्राणी) आणते. चरबी कमी, आणि बायसनला वाढीची हार्मोन्स द्यायला अमेरिकेत परवानगीच नाही. शिवाय हे इथल्याच मातीचं जनावर. एकेकाळी कोट्यवधी होती, १८८०च्या दशकाअखेर जेमतेम हजाराच्या आसपास उरली. आज ती टिकली यात मांसासाठी पाळणाऱ्यांचाही हात आहे. लाल मांस खायचंच तर बायसन खावं, असं माझं ठाम मत झालंय. तुम्हाला काय वाटतं?

ह्यूस्टनकर: ताई, पाकीट वाचल्याशिवाय 'चरबी कमी' मानू नका. १०० ग्रॅम कच्च्या खिम्यात ८०/२० (म्हणजे २०% चरबीच्या) बीफमध्ये २० ग्रॅम चरबी. गवतावर वाढलेल्या बायसनमध्ये साधारण ७. पण नुसतं 'ग्राउंड बायसन' (बायसनचा खिमा) लिहिलेलं असेल तर १६च्या घरात जाऊ शकते. त्यापेक्षा ९०/१० बीफ बरं, आणि आमच्याकडे ते जवळपास निम्म्या किमतीत मिळतं. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने लाल मांसाबद्दल इशारा दिला, तो सस्तन प्राण्यांच्या सगळ्याच मांसाला लागू होता.

प्रेअरीवाली: आत्ताच फ्रीजर उघडून पाहिलं. माझ्या पाकिटावर १५% चरबी लिहिलंय. वर्षभर लक्षच गेलं नव्हतं, वाईट वाटलं.

कोल्हापूरची: मध्येच बोलते. आपल्याकडे दाजीपूरच्या गव्यालाही बायसन म्हणतात, म्हणून कुणाचा घोटाळा नको. गवा वेगळा, तो वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १मध्ये आहे, त्याची शिकार हा गुन्हा आहे.

कान्सासवाला: तब्येतीचं ह्यूस्टनकरांना मान्य. पण जमिनीचं काय? आमच्या राज्यात कोन्झा प्रेअरी या संशोधनासाठी राखलेल्या गवताळ माळावर तीस वर्षांच्या वर नोंदी ठेवल्या आहेत. बायसन चरले तिथे स्थानिक वनस्पतींच्या जाती दुपटीवर गेल्या, गुरं चरली तिथे वाढ निम्म्याहूनही कमी. बायसन मुख्यतः गवत खातो, त्यामुळे फुलझाडांना जागा मिळते. लोळून लोळून खड्डे करतो, त्यांत पावसाचं पाणी साचतं.

ह्यूस्टनकर: कोन्झातला कळप बारा महिने माळावर असतो. दुकानातल्या बायसनपैकी बरेचसे शेवटचे महिने फीडलॉटमध्ये, म्हणजे वजन वाढवायच्या कोंडवाड्यात, धान्य खातात. मग माळाला काय मिळालं? आणि हाही रवंथ करणाराच प्राणी, मिथेन सोडणारच. बैल दीड वर्षाच्या आसपास कापायला तयार होतो, बायसनला दोन-अडीच वर्षं लागतात. तेवढे महिने जास्त मिथेन, हे हिशेबात कुणी धरत नाही. शिवाय २०२२च्या कृषिगणनेत देशभरात पाळीव बायसन दोन लाखांच्या आत, गुरं नऊ कोटींच्या आसपास. सगळे बायसनकडे वळले तर ते वाढवायला फीडलॉटच उभे राहतील.

कान्सासवाला: सगळे वळा असं कुणी म्हटलंच नाही. जो वळतो त्याने गवतावरचं मागितलं, तर तेवढा माळ नांगराखाली जाण्यापासून वाचतो.

ह्यूस्टनकर: गवतावरचं बीफ घेतलं तरी वाचतो. माझं म्हणणं एवढंच, जनावर बदलण्याआधी ताटातलं मांस कमी करा.

प्रेअरीवाली: कमी करतेच आहे. परवापासून अर्धा खिमा, अर्धे अख्खे मसूर. मुलांनी मुकाट्याने खाल्लं. पण बायसन सोडणार नाही. आता फक्त गवतावरचंच घेणार, आणि साउथ डकोटात आदिवासी जमातींनी कळप पुन्हा उभे केलेत, त्यांच्याकडून मागवता येतं का ते बघतेय. ज्यांच्या हातून हे जनावर हिसकावून घेतलं, पैसे त्यांच्याकडे जावेत असं मला मनापासून वाटतं. गवतावरच्या बीफने ते साधत नाही, ह्यूस्टनकर.