औशात आईसाठी घरीच माणूस ठेवणं जमेल का? मदत हवी आहे

आई 79 वर्षांची, औशात एकटीच राहते. जूनमध्ये न्हाणीत पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून संडासापर्यंत जाते, पण रात्री उठताना तोल जातो. शुगर आहे, इन्सुलिन दोन वेळा. डोकं मात्र अगदी शाबूत आहे. मी संभाजीनगरला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिलाही घर सोडायचं नाही, "माझ्या तुळशीला पाणी कोण घालंल?" एवढंच म्हणते.

न्हाणीत धरायला दांड्या बसवल्या, कमोडची खुर्ची आणली. शेजारच्या मावशी दिवसा यायच्या. स्वयंपाक, अंघोळ सगळं मायेनं करायच्या, पण इन्सुलिनचं त्यांना नीट कळत नव्हतं. एकदा इंजेक्शन झालं आणि आई जेवलीच नाही. साखर उतरली. घामानं लुगडं भिजलं होतं, हात थरथरत होते. साखरपाणी पाजलं तेव्हा शुद्धीवर आली. मी फोनवर नुसता ऐकत होतो. नंतर लातूरच्या एका एजन्सीची बाई ठेवली, ती आठव्या दिवशी न सांगता गेली.

महिना 18 हजारांपर्यंत झेपेल. राहायला वेगळी खोली आहे. नळाला रोज पाणी नसतं, तेही भरावं लागेल. वृद्धाश्रम आईला नको आहे.

इन्सुलिनसाठी नर्सच लागते, की नीट शिकवलेली बाई चालते? रात्रीपुरता माणूस पुरेल का? आणि ज्यांनी घरी सांभाळलंय त्यांनी सांगा, आता घरी भागणार नाही हे तुम्ही कशावरून ओळखलंत?