मदत हवी आहे: पेशी नसतानाही प्लेटमधली वेल (चाचणीचा खळगा) जांभळी होतेय

नमस्कार मंडळी, मी जळगावची, एम.एस्सी.ला आहे. यावलकडच्या सातपुड्यातून आणलेल्या सलईच्या सालीचा मिथेनॉल अर्क स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशींवर तपासतेय. ४८ तासांनी एमटीटी (जिवंत पेशींमुळे पिवळ्याचा जांभळा होणारा रंग; जितका जांभळा, तितक्या पेशी जिवंत) घालून ५७० नॅनोमीटरला रीडिंग घेतलं, तर जास्त डोसला पेशी उलट वाढल्यासारख्या दिसतात! मग पेशी न घालता नुसता अर्क आणि एमटीटी ठेवून पाहिलं. तासाभरात तीही वेल जांभळी. म्हणजे सालीतली टॅनिनंच रंग आणत असणार. डीएमएसओ (अर्क विरघळवायचा द्रावक) ०.५ टक्क्याच्या आत आहे.

एमटीटीआधी अर्क काढून पीबीएसने (पेशींना चालणाऱ्या क्षारांच्या द्रावणाने) धुतलं तर भागेल, की सरळ एसआरबी (पेशींतली प्रथिनं रंगवून मोजायची चाचणी) करू? धुताना पेशी सुटून जातील याची धास्ती वाटते. पाड्यावर बायका विचारतात, "ताई, या सालीनं गाठ जाते का?" त्यामुळे चुकीचा आकडा मला लिहायचा नाही. कुणी केलं असेल तर कृपया सांगा.