मदत हवी आहे: फोंडा-पणजी रोजच्या प्रवासासाठी इलेक्ट्रिक स्कूटर परवडेल का?

नमस्कार मंडळी. फोंडा ते पणजी हा सुमारे ३० किलोमीटरचा प्रवास मी कदंब बसने करतो. बस स्वस्त आणि बिनघोर आहे, मात्र कामावरून सुटायला उशीर झाला की परतीची गाडी मिळणे कठीण होते, म्हणून इलेक्ट्रिक स्कूटर घेण्याचा विचार आहे. ३ युनिट वीज साठवणारी बॅटरी जाऊन-येऊन पुरावी आणि विजेचा खर्चही पेट्रोलच्या मानाने किरकोळच. खरी काळजी पावसाळ्याची आहे. आयपी ६७ दर्जाची बॅटरी १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकते हे ठाऊक आहे, परंतु महिनोन्महिने भिजणाऱ्या चार्जिंग सॉकेटचे आणि वायरींच्या जोडांचे काय होते? शिवाय आमच्या वाड्यावर पावसात वीज वरचेवर जाते. ज्यांनी इथे दोन-तीन पावसाळे अशी स्कूटर चालवली आहे, त्यांनी कृपया दुरुस्तीच्या खर्चासह अनुभव सांगावा.